नवे यंत्र आणि जुन्या ओव्या

'नव्याचे नऊ दिवस' अशी आपल्याकडे म्हण आहे. आमच्या मराठी विभागात नवा संगणक आला तेव्हा त्याच्या वाट्याला नऊ ताससुद्धा आले नाहीत. सकाळी हळदकुंकू वाहून त्याची पूजा झाली, मामांनी नारळ फोडला, पेढे वाटले गेले. दुपारी तीनच्या सुमारास जुन्या संगणकावरून आणलेली एक फाईल मी उघडली आणि पडद्यावर जे उमटले ते पाहून तोंडातला पेढा कडू झाला. मराठीचे एक अक्षर दिसेल तर शपथ! रोमन अक्षरे, कंस, टक्क्यांच्या खुणा आणि उद्गारचिन्हे यांची नुसती खिचडी शिजली होती.

ती फाईल साधीसुधी नव्हती. आमच्या विभागाचे माजी प्रमुख, ज्यांना सारे महाविद्यालय नुसते 'सर' म्हणूनच ओळखत असे आणि ज्यांच्या हाताखाली मीही शिकले, त्यांनी पंधरा वर्षे रविवार आणि सुट्ट्या खर्ची घालून भोवतालच्या डोंगरी गावांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या होत्या. बाराशेहून अधिक ओव्या. आधी त्या वह्यांत उतरल्या. मग २००३ ते २००६ या काळात सरांनी दोन बोटांनी एकेक कळ शोधत त्या संगणकावर चढवल्या. पुढे वह्यांची एक पेटी वाळवीने खाल्ली. आज सर नाहीत. ज्या माउल्यांनी ओसरीवर बसून त्या ओव्या म्हटल्या, त्यांतल्याही बहुतेक नाहीत. गावात आता पिठाची गिरणी आहे आणि जाती आहेत ती लग्नातल्या हळदीपुरती. म्हणजे निम्म्या ओव्यांना या जगात एकच घर उरले होते, आणि ते म्हणजे ती फाईल. तीच मुकी झाली होती.

हा प्रसंग मी कोणाविरुद्ध गाऱ्हाणे म्हणून सांगत नाही. सांगायचे आहे ते वेगळेच. संगणकाची कार्यप्रणाली बदलणे, जिला सर्वजण ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, हे काम तंत्रज्ञाचे, दुकानातल्या मुलाचे किंवा फार तर विज्ञान शाखेच्या प्राध्यापकांचे, अशी आपल्या कलाशाखेतील मंडळींची पक्की समजूत आहे. माझीही होती. ती चुकीची आहे असे माझे आता ठाम मत झाले आहे. यंत्र तंत्रज्ञाचे असेल, परंतु त्यातले लेखन आपले असते. ते एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जाताना वाटेत हरवते की पोचते, याची जबाबदारी लेखन ज्याचे त्याचीच आहे.

प्रथम, बदलाची वेळ का आली ते सांगते. आमच्या जुन्या संगणकावर विंडोज १० ही प्रणाली होती. ती २९ जुलै २०१५ रोजी बाजारात आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नियमित सांभाळ थांबला. सांभाळ थांबला म्हणजे संगणक बंद पडला असे नव्हे. तो पूर्वीसारखाच सुरू होतो, लिहितो, छापतो. थांबते ती दुरुस्ती. प्रणालीत सुरक्षेची एखादी फट सापडली की ती बुजवणारी डागडुजी महिन्याच्या महिन्याला घरपोच येत असते, ती येईनाशी होते. काही वाढीव मुदत पदरात पाडून घेण्याची सोय कंपनीने ठेवली होती, पण मुदत म्हणजे मुक्ती नव्हे. पुढची प्रणाली, विंडोज ११, ऑक्टोबर २०२१ मध्येच आली होती. तिला निदान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवणूक आणि 'टीपीएम २.०' नावाची सुरक्षा-व्यवस्था लागते, शिवाय प्रोसेसरही ठरावीक पिढीच्या पुढचा हवा. आमचा म्हातारा या परीक्षेत नापास झाला. म्हणून नवा आणणे आले.

अशा वेळी दोन पक्ष पडतात, तसे आमच्याकडेही पडले. पहिला पक्ष 'जुने ते सोने' म्हणणाऱ्यांचा. चालते आहे ना, मग हात कशाला लावायचा, हा त्यांचा युक्तिवाद. ऐकायला तो शहाणपणाचा वाटतो. पण ज्या यंत्रावर विद्यार्थ्यांचे गुण आणि पत्ते आहेत व जे इंटरनेटला जोडलेले आहे, ते डागडुजीविना ठेवणे म्हणजे वाड्याचा मागचा दरवाजा उघडा टाकून पुढच्याला कुलूप लावण्यापैकी आहे. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला. त्याने संगणकांतील फायली कुलूपबंद करून खंडणी मागितली. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील अनेक रुग्णालयांचे कामकाज त्याने विस्कळीत केले. विशेष म्हणजे ज्या फटीतून तो शिरला, ती बुजवणारी डागडुजी त्याच वर्षी मार्चमध्ये उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले. 'चालते आहे ना' या वाक्याची किंमत कधीकधी अशी मोजावी लागते.

दुसरा पक्ष 'नवे ते हवे' म्हणणाऱ्यांचा. त्यांना जुन्या संगणकाकडे बघवतही नव्हते. नवा टेबलावर बसला त्याच संध्याकाळी जुन्याची रवानगी जिन्याखालच्या भंगारात झाली. 'फायली पेनड्राइव्हवर घेतल्या आहेत' असे सर्वांनी एकमेकांना सांगितले आणि सर्वांचे समाधान झाले. फायली घेतल्या होत्या हे खरेच होते. पण घेतलेली एकही फाईल कोणी उघडून पाहिली नव्हती. त्या 'कोणी'मध्ये मीही होते.

त्या दुपारी माझा उतरलेला चेहरा पाहून द्वितीय वर्षाच्या वर्गातील एका मुलीने विचारले, "मॅडम, जुना कॉम्प्युटर भंगारवाल्याने नेला का?"

"उद्या येणार आहे तो," मामा म्हणाले.

"मग आजच वर आणूया. फायलींना काही झालेलं नाही, त्यांचा फाँट तिकडे राहिलाय."

मामांनी आणि तिने तो जड डबा दोन जिने चढवून वर आणला. जोडला. धूळ झटकून त्याने डोळे उघडले आणि तीच फाईल त्याच्यावर उघडताच सीतेच्या वनवासाच्या ओव्या जशाच्या तशा पडद्यावर आल्या. मी काही बोलू शकले नाही. मामाच म्हणाले, "सरांचं अक्षर हाय."

आता हे असे का झाले, ते प्रत्येक मराठीच्या विद्यार्थ्याने समजून घ्यावे असे मला वाटते. त्यात अवघड काही नाही. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. प्रत्येक अक्षराला एक आकडा नेमून दिलेला असतो. पूर्वी मराठीसाठी बाजारात जे अनेक फाँट मिळत, त्यांत मराठीला स्वतःचे आकडे नव्हतेच. आकडे रोमन लिपीचेच राहत, फक्त त्यांच्यावर मराठी आकृत्यांचे मुखवटे चढवलेले असत. फाईलमध्ये एखादे रोमन अक्षर असे आणि डोळ्यांना दिसे 'क'. मुखवटा काढला की आतले रोमन अक्षर उघडे पडे. त्यातही प्रत्येक फाँटवाल्याचे मुखवटे निराळे. एकाचा 'क' तो दुसऱ्याचा 'ष'.

यावर उपाय नव्हता असे नाही. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' हे प्रमाणक भारतीय मानक म्हणून १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी जगातील लिप्यांना स्वतंत्र आकडे देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि तीत देवनागरीला तिची स्वतःची जागा मिळाली. २००० साली आलेल्या विंडोज २००० मध्ये 'मंगल' फाँटसह देवनागरीची सोय होती. म्हणजे सर २००३ मध्ये टंकलेखनाला बसले तेव्हा योग्य मार्ग उपलब्ध होता. तो त्यांना कोणी सांगितला नाही, आणि त्यांनीही विचारला नाही. दुकानदाराने जो फाँट भरून दिला त्यावर त्यांनी तीन वर्षे डोळे फोडले. सरांना तरी का नावे ठेवा? मी स्वतः त्याच फाँटमध्ये २०१६ पर्यंत प्रश्नपत्रिका काढत होते. चालत होते ना!

आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात याला एक विलक्षण समांतर उदाहरण आहे. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. ग्रंथ होते, पाने शाबूत होती, शाई पुसली नव्हती, परंतु किल्ली पंथाबाहेर कोणाजवळ नव्हती. त्यामुळे 'लीळाचरित्रा'सारखा मराठी गद्याचा आद्य ठेवा शतकानुशतके बाहेरच्या वाचकांना नसल्यासारखाच होता. विसाव्या शतकात इतिहासाचार्य राजवाडे यांच्यासारख्या संशोधकांनी ती सांकेतिक लिपी उलगडली, तेव्हा कोठे अभ्यासाचा मार्ग मोकळा झाला. महानुभावांनी निदान जाणूनबुजून, ग्रंथांचे पावित्र्य राखण्यासाठी तसे केले. आपण मात्र काहीही न ठरवता, निव्वळ बेपर्वाईने, आपल्या काळातले लेखन सांकेतिक लिपीत कोंडून ठेवले आहे. आणि आपल्या किल्ल्या जिन्याखालच्या भंगारात पडल्या आहेत.

येथे कोणी म्हणेल, एवढे रामायण कशाला? जुन्यातला फाँट नव्यावर बसवला की काम भागले. खरे आहे, त्या संध्याकाळी आम्ही तो बसवला आणि ओव्या नव्या पडद्यावर दिसल्या. बहुतेकांच्या दृष्टीने प्रश्न तेथेच मिटला. माझ्या दृष्टीने तो तेथे सुरू झाला. कारण बाराशे ओव्यांत 'सीता' हा शब्द कोठे कोठे आला आहे ते शोधायला गेले तर संगणकाला एकही सापडेना. त्याच्या लेखी तेथे सीता नव्हतीच, रोमन अक्षरे होती. त्यांतली ओवी विद्यार्थ्याला फोनवर पाठवावी तर पुन्हा खिचडी. दहा वर्षांनी हा संगणकही जाईल, तेव्हा फाँट न्यायची आठवण कोणाला राहील? मुखवटा पुन्हा चढवणे हा उपाय नव्हे. आतले अक्षर मराठी करणे हाच उपाय.

म्हणून सर्व ओव्या युनिकोडमध्ये आणायचे ठरले. जुना फाँट नव्या आकड्यांत रूपांतरित करणारे प्रोग्रॅम मिळतात. आम्ही तसा एक लावला. क्षणात काम झाले. आम्ही खूष झालो. मग एका विद्यार्थ्याने वाचता वाचता विचारले, "मॅडम, आपल्या डोंगरात दर्या कुठून आला?" पाहते तो काय, जेथे जेथे 'दऱ्या' होत्या तेथे तेथे 'दर्या' झाला होता! डोंगरातल्या दऱ्यांमध्ये यंत्राने समुद्र भरून टाकला होता. जुन्या फाँटमधला तो चंद्रकोरीसारखा अर्धा 'र', जो मराठीला जिवाभावाचा आहे, यंत्राला ओळखता आला नाही आणि त्याने त्याचा रफार करून टाकला. आचाऱ्यांचे आचार्य झाले, वाऱ्याचा 'वार्या' झाला. ऱ्हस्व वेलांट्याही अशाच घसरल्या. जुन्या फाँटमध्ये वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी टंकित होई, युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे अक्षराच्या नंतर साठवली जाते. जोडाक्षर आले की रूपांतर करणारा प्रोग्रॅम गोंधळे आणि वेलांटी भलत्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसे.

हे दुरुस्त करणे कोणत्याही तंत्रज्ञाला शक्य नव्हते, कारण 'दऱ्या' बरोबर की 'दर्या' हे ठरवायला मराठी यावी लागते. तेव्हा आम्ही जुन्या फाँटमधली सगळी ओवी-संहिता आधी कागदावर छापली. आठ विद्यार्थ्यांच्या चार जोड्या केल्या. एकाने छापील कागद वाचायचा, दुसऱ्याने पडद्यावरचा मजकूर तपासायचा. जेथे सरांच्या वह्या शिल्लक होत्या तेथे तिसरा पुरावा म्हणून त्या घ्यायच्या. तीन आठवडे, रोज कॉलेज सुटल्यावर दोन तास. पाठचिकित्सा म्हणजे काय हे मी वर्गात फळ्यावर लिहून अनेक वर्षे शिकवले आहे, पण माझ्या विद्यार्थ्यांना ते कळले त्या तीन आठवड्यांत. आणि खरे सांगायचे तर थोडेसे मलाही.

या निमित्ताने दुसरी एक गोष्ट ध्यानात आली. नवी प्रणाली आली की रोजच्या बारीकसारीक अडचणी उभ्या राहतात. प्रिंटर छापत नाही, मराठी कळफलक सापडत नाही, काम ऐन रंगात आले असताना संगणक स्वतःच बंद होऊन पुन्हा सुरू होतो. आपली प्रतिक्रिया ठरलेली असते: 'बिघडला वाटतं, मुलाला फोन करा.' वास्तविक त्या वेळी पडद्यावर एक निरोप आलेला असतो. काय झाले ते त्यात बहुधा लिहिलेले असते. आपण तो न वाचताच मिटवतो! आमचा प्रिंटर दोन दिवस मुका होता. तिसऱ्या दिवशी त्याच मुलीने निरोप वाचला. छपाईचा हुकूम दुसऱ्याच, न जोडलेल्या प्रिंटरकडे जात होता. यादीतून आपला निवडला आणि काम झाले. कळफलक बदलायला विंडोजची कळ दाबून लांब पट्टी दाबावी लागते, एवढेच. पुन्हा सुरू होण्याच्या वेळा आपल्या सोयीने लावून देता येतात. ज्या आपण मंडळींनी आयुष्य वाचनात घालवल्याचा अभिमान मिरवायचा, त्यांनी समोर आलेली दोन ओळींची सूचना न वाचावी, याला काय म्हणावे? ती इंग्रजीत असते हे खरे. पण कोश उघडून एखादी कविता लावणाऱ्या विद्यार्थ्याला दोन ओळी अवघड नाहीत. नड आहे ती भाषेची नाही, धीराची आहे.

आम्ही आता संगणकाशेजारी एक शंभर पानी वही ठेवली आहे. अडचण काय आली, पडद्यावर काय लिहून आले, ती कशी सुटली आणि कोणी सोडवली, एवढे चार रकाने. पहिल्या दोन महिन्यांत त्यात सतरा नोंदी झाल्या. त्यांतल्या पंधरा विद्यार्थ्यांनी आणि एक मामांनी सोडवली आहे. मामांची नोंद अशी: 'वायर सैल होती.' बाहेरच्या माणसाला बोलवावे लागले ते एकदाच.

जुन्या संगणकाचे काय झाले, तेही सांगते. तो भंगारात गेला नाही. त्यातले सर्व काही दोन ठिकाणी उतरवून घेऊन विद्यार्थ्यांनी त्याच्यावर लिनक्स मिंट ही मोफत मिळणारी प्रणाली बसवली. ती ४ जीबी रॅमवर नीट चालते आणि तिची डागडुजीही येत राहते. मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक तीत आहे, ज्याचे मानक १९८६ सालापासूनचे आहे. स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, आणि आपल्या त्या अर्ध्या चंद्रकोरीच्या 'ऱ'ला स्वतःची जागा. आता तो ग्रंथालयात बसून नव्या मुलांना मराठी टंकलेखन शिकवतो. नवे घेतले म्हणजे जुने टाकलेच पाहिजे असे नाही, हेही त्यानेच शिकवले.

कोणी म्हणेल, बाराशे ओव्यांचे ते काय एवढे? हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या संकलनात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत आणि त्या आता जगासमोर येत आहेत. त्यांच्यापुढे आमचा संग्रह ओंजळभरही नाही. पण प्रत्येक गावची बाई आपल्या गावची नदी, आपला घाट, आपला भाऊ ओवीत घालते. आमच्या घाटाच्या ओव्या आमच्याच फाईलीत होत्या. त्या गेल्या असत्या तर दुसरीकडून आणता आल्या नसत्या.

तेव्हा माझे म्हणणे थोडक्यात असे. प्रणाली बदलावी, वेळेवर बदलावी. मात्र बदलण्यापूर्वी प्रत्येक महत्त्वाची फाईल नव्या यंत्रावर उघडून, वाचून पाहावी आणि तोवर जुने यंत्र जागचे हलवू नये. यापुढे महाविद्यालयातील प्रश्नपत्रिका, प्रबंध, इतिवृत्ते, सारे काही युनिकोडमध्येच लिहिले जावे. संपादक मंडळाला माझी विशेष विनंती आहे. या वार्षिकाची छपाई झाल्यावर मुद्रकाकडून अंकाचा मजकूर युनिकोडमध्येही मागून घ्यावा आणि ग्रंथालयात ठेवावा. आज या अंकात पहिली कविता छापून आलेल्या विद्यार्थ्याला ती वीस वर्षांनी शोधावीशी वाटली, तर तिच्या जागी त्याला खिचडी मिळू नये.

सरांच्या ओव्या आता तीन ठिकाणी आहेत आणि 'सीता' शोधली की सापडते. परवा त्यांतली एक ओवी मी पलीकडच्या गावातल्या एका आजींना फोनवर पाठवली. ती त्यांच्या आईने सरांना सांगितलेली होती. नातवाने ती त्यांना वाचून दाखवली. थोड्या वेळाने त्याचा फोन आला, "मॅडम, आजी म्हणते, एक ओळ चुकलीय."

चूक आम्ही दुरुस्त केली. वहीत तशी नोंदही केली.